मोठी नळी बंद आहे

९ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून कागद वाया घालवत नाही.

तुझं पत्र मिळालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, मी फोन उचलणार नाही. फोनमधून तू बोलतेस की डब्यात माशी अडकलीये ते मला कळत नाही. समोर माणसाचं तोंड दिसलं की मला सगळं ऐकू येतं, नको असलेलंही. तेव्हा लिहीत जा. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

दुसरा प्रश्न मशीनचा. डिसेंबरात बसवलं तसं उभं आहे. तुझ्या आजोबांच्या टायरच्या दुकानापुढे सरकार स्वतःच्या खर्चानं विजेच्या गाड्या भरायचं मशीन उभं करेल, असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तर सांगणाऱ्याला त्यांनी आधी सावलीत नेऊन बसवलं असतं. पण तू फॉर्म भरलास, तुझ्या ऑफिसनं पैसे मंजूर केले, आणि आता जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी हे पांढरं कपाट उभं आहे.

कपाटाला दोन नळ्या आहेत. मोठी अर्ध्या तासात गाडी भरते, छोटीला अडीच तास लागतात. त्यातली मोठी चालत नाही. पहिले पंधरा दिवस चालली, मग बंद. छोटीचं बरं चाललंय. गाडी नळीला, माणूस बाकावर. सगळ्यांना कुठे आग विझवायला जायचं असतं?

मंगळवारी आणि शुक्रवारी औषधवाला येतो. दुकानांना औषधं पोचवायची व्हॅन आहे त्याची. त्याची सासू राहायला आली त्याला सहा महिने झाले आणि तिला खोकला आहे. मी म्हटलं, "अरे, तिला औषध देतोस की नुसती गाडी दाखवतोस?" इतका हसला की चहा सांडला. मग एक फिरता चष्मेवाला आला होता. त्यानं माझे डोळे फुकट तपासले आणि म्हणाला, "आजी, हा चष्मा तुमचा नाही." नाहीच आहे. तुझ्या आजोबांचा आहे, काच चांगली आहे, टाकून कशाला द्यायचा? गेल्या आठवड्यात एक नवरा-बायको उतरले तेच भांडत. मी खुर्ची जवळ सरकवून बसले, तर दीड तासात त्यांचं गूळपीठ झालं. लोकांना आताशा धड भांडताही येत नाही.

संडास रोज धुते. तुझ्या करारात लिहिलंय म्हणून नाही, संडास आहे म्हणून.

तू जानेवारीत येणार होतीस. आता फेब्रुवारी आहे, एवढंच सांगते.

आजी


२१ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि चष्म्याच्या जागी मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलवरच्या माणसानं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

पण मशीनचं जरा गंभीर आहे, म्हणून नीट सांगते. मशीन आणि वीजजोडणी सरकारच्या पैशानं होते. जागा देणाऱ्यानं सावली, बसायची सोय आणि संडास ठेवायचा. बदल्यात विकल्या गेलेल्या विजेवर थोडं कमिशन. हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे, की दर तीन महिन्यांनी आम्ही तपासतो. जलद नळी तीन महिन्यांत निदान साठ तास वापरली गेली नाही, तर मशीन उचलून दुसरीकडे नेतात. पैसा लोकांचा आहे, जिथे गाड्या थांबतात तिथे तो गेला पाहिजे.

माझ्या पडद्यावर एक नकाशा आहे. त्यावर प्रत्येक मशीनचा एक ठिपका. तुझा हिरवा आहे, म्हणजे मशीन जिवंत आहे, दोन्ही नळ्या ठीक आहेत असं ते स्वतः सांगतं. तरीही मोठ्या नळीचे जानेवारीपासूनचे तास शून्य आहेत. असं कसं? तिला जोडल्यावर नक्की काय होतं, ते मला बारकाईनं लिही. १५ मार्चला मिस्त्रीही पाठवते. तुझा अर्ज आला तेव्हाच, ही माझी आजी आहे, असं मी लिहून दिलं होतं. त्यामुळे तुझ्या बाबतीत मला डोळेझाक करता येणार नाही, उलट चारदा तपासलं जाईल.

जानेवारीत रजा मिळाली नाही. पुढच्या महिन्यात नक्की येते.

माझं सगळं छान चाललंय. खोलीतली जोडीदारीण दुसरीकडे राहायला गेली, त्यामुळे खोली ऐसपैस झाली आहे. खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, पण भिंतीचा रंग चांगला आहे.

तुझी,
ठमी


५ मार्च

ठमे,

जोडीदारीण गेली आणि खोली ऐसपैस झाली म्हणजे तू एकटी राहतेस. असं सरळ लिहायचं. सरकारी भाषा ऑफिसात.

साठ तासांचं तुमचं गणित मला कळलं नाही. औषधवाला एका खेपेला अडीच तास बसतो. आठवड्याला पाच झाले. बाकीचे धरले तर माझे साठ कधीच भरलेत. मोठ्या नळीवर माणूस अर्धाच तास थांबतो. तुम्हाला तास हवेत ना? मग जिथे जास्त थांबतात तेच चांगलं मशीन. हे चौथीतल्या मला कळतं आणि तुझ्या पदवीवाल्यांना कळत नाही.

मोठी नळी जोडली की काय होतं विचारलंस. घरातला दिवा मिणमिणतो. मग मशीन खोल आवाज काढतं, जेवून झोपलेल्या माणसासारखा. मग धाडकन बंद. गाडीवाला माझ्याकडे बघतो, मी गाडीकडे बघते. मी म्हणते, छोटीवर लाव बाबा, तोवर चहा टाकते. आपल्याकडची वीज तुला माहीत आहे. तू दहावीला होतीस तेव्हा दिवा डोळे मिचकावतो म्हणून रडायचीस.

आता एक नवी बाई येते. शाळेची व्हॅन चालवते. पोरांना सोडलं की इकडे, पोरं सुटायच्या वेळेला परत. मधला वेळ माझ्याकडे. बोलत फार नाही, दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून कान विटले म्हणते. मग आम्ही दोघी गप्प बसतो. गप्प बसायलाही दुसरं माणूस लागतं, त्याशिवाय ते नुसतं बसणं होतं.

ठिपका हिरवा आहे म्हणतेस. तुला त्यात संडास धुतलेला दिसतो का?

मार्च लागला.

आजी


२२ मार्च

आजी,

तास मोठ्या नळीचेच मोजतात, छोटीचे नाही. छोटी नळी घरीही लावता येते, त्यासाठी सरकारनं एवढा खर्च केलेला नाही. नियम माझा नाही, पण मला तो पटतो.

मी पाठवलेला मिस्त्री तुझ्याकडे येऊन गेला. त्याच्या अहवालात एकच ओळ आहे, "दोष आढळला नाही." तोंडी मात्र त्यानं बरंच सांगितलं. तू त्याला तीन तास सोडलं नाहीस, त्याच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारलंस, आणि मोठी नळी त्यानं चारदा लावून बघितली तर चारही वेळा चालली. मला त्याचं नवल वाटलं नाही. तो आला दुपारी बाराला, तेव्हा सगळ्यांचे पंप बंद असतात. वीज कमी पडते ती सकाळी आणि संध्याकाळी. त्या दिव्याखाली मी दहावी केली आहे, मला मिस्त्रीनं शिकवायची गरज नाही.

तक्रारीही बघितल्या. गाडीवाले फोनवर शेरे लिहितात. तुझ्या जागेबद्दल लिहिलंय, "आजी फार छान, पण मोठी नळी कायम बंद." आणि, "घाई असेल तर इथे थांबू नका." आजी, यामुळे लोक आता पुढच्या मशीनकडे जायला लागलेत. आकडे खाली येतायत.

म्हणून मी ठरवलंय. तुझ्या जागेला वेगळा ट्रान्सफॉर्मर द्यावा अशी टिपणी मी लिहिते आहे. म्हणजे वीज कुणाच्या पंपावर अवलंबून राहणार नाही. ते काम मोठं असतं, सहज मंजूर होत नाही. साहेब म्हणाले, "आजीसाठी मागतेस?" मी म्हटलं, "रस्त्यासाठी मागते." तू लिहिलंस ते सगळं मी शब्दशः जोडलंय. फक्त जेवून झोपलेला माणूस काढला.

या महिन्यात तिमाही तपासणी आहे. येणं जमणार नाही. एप्रिलमध्ये नक्की.

ठमी


३ एप्रिल

ठमे,

ट्रान्सफॉर्मर नको.

एवढा पसारा कशाला मांडतेस? मोठी नळी कधी कधी चालते. मिस्त्री म्हणाला ना, चारदा चालली. शिकलेला माणूस आहे, त्याचं खरं धर. लग्न त्याचं जमेलसं दिसत नाही, पोरगी बघायला जातो आणि तिथल्या बटणांचं वायरिंग बघून येतो. पण कामात हुशार आहे.

टिपणी मागे घे. सरकारी कागद मागे घेता येतो की नाही? येत असणार.

शाळेची व्हॅन आता येत नाही. शाळेनं आपल्याच आवारात मशीन लावलं. औषधवाला दोन मंगळवार आला नाही. परवा शुक्रवारी दिसला, रस्त्यावरूनच हॉर्न वाजवून हात केला आणि पुढे गेला. पुढच्या वळणापलीकडे अर्ध्या तासात गाडी भरते म्हणे. जाऊ दे. त्याच्या सासूचं काय झालं ते मात्र कळायचं राहिलं.

काल दिवसभरात एक गाडी. त्यातला माणूस गाडीतच काच लावून झोपला.

बाकी ठीक. गुडघा आहे तिथेच आहे. टिपणीचं बघ.

आजी


२५ एप्रिल

आजी!

मंजूर झाला!

तुझं "नको" मला कळलं गं. तू कधी कुणाकडे काही मागितलं नाहीस, आजोबा गेल्यावर बाबांनी पाठवलेले पैसेसुद्धा परत केलेस. पण हे तुझ्यासाठी नाही, जागेसाठी आहे, त्यामुळे तुझा स्वाभिमान खुशाल शाबूत ठेव.

सगळं सांगते. या वर्षाच्या निधीत एकच ट्रान्सफॉर्मर उरला होता आणि मागणाऱ्या जागा दोन. एक तुझी. दुसरी डोंगरावरच्या सरकारी दवाखान्याची. त्यांच्याकडे बॅटरीवरच्या दोन रुग्णवाहिका आहेत आणि वीज इतकी कमी की गाड्या पूर्ण भरतच नाहीत, अर्ध्यावर निघतात. साहेबांचा कल तिकडे होता. मी दोन तास बोलले. म्हटलं, तिथे दोनच गाड्या आहेत, इथे हमरस्ता आहे, शेकडो गाड्यांना उपयोग होईल. मी तुझी पत्रं वाचून दाखवली. दिवा मिणमिणतो ते, धाडकन बंद पडतं ते. सगळे ऐकत होते. सहा वर्षं मी या ऑफिसात आहे, त्या खोलीत माझं बोलणं संपेपर्यंत कुणी गप्प बसल्याचं मला आठवत नाही. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे, दवाखान्याचं पुढच्या वर्षी बघू."

२० मेला माणसं खांब घेऊन येतील. त्यांच्याबरोबर मीही येणार होते, पण त्याच आठवड्यात लेखापरीक्षण आहे. जूनमध्ये नक्की.

त्या दिवशी घरी आले आणि कुणाला तरी सांगावंसं वाटलं. समोरच्या भिंतीला सांगितलं. आता तुला सांगते.

ठमी


३० एप्रिल

ठमे,

या पाकिटात दोन कागद आहेत. एक तुझा, एक तुझ्या साहेबाचा. साहेबाचा उघडाच ठेवलाय, वाचून मग दे.

मोठी नळी बिघडलेली नाही. कधीच नव्हती. मी तिच्या तोंडाला उशीचा अभ्रा बांधला आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर "बिघाड" असं लिहून वर टांगलं. दिवा मिणमिणला नाही, मशीननं आवाज काढला नाही. ते सगळं मी रचलं आणि बरं रचलं, तुमच्या साहेबालाही खरं वाटलं. मिस्त्री येणार हे तू आधी कळवलं होतंस, म्हणून आदल्या दिवशी अभ्रा सोडला आणि तो गेल्यावर परत बांधला.

का केलं ते एकदाच सांगते, परत विचारू नकोस.

पहिले पंधरा दिवस मोठी नळी मस्त चालत होती. गाड्या यायच्या, दिवसाला दहा-बारा. मला वाटलं होतं, टायरचं दुकान होतं तेव्हासारखं होईल. तेव्हा पंक्चर काढेपर्यंत माणूस बसायचा, आपलं सांगायचा, आपलं ऐकायचा. या गाडीवाल्यांचं तसं नाही. नळी लावायची, तिथेच उभं राहून फोन बघायचा, नळी काढायची, गेले. पंधराव्या दिवशी एक जण आला. मी म्हटलं, चहा आणते. आत गेले, आधण ठेवलं, दूध उतू जाऊ नये म्हणून उभी राहिले, कप घेऊन बाहेर आले तर गाडी रस्त्याला लागलेली. त्या दिवशी अकरा गाड्या आल्या होत्या. अकरा माणसांत मिळून माझ्याशी बोललेले शब्द तीन, "चालू आहे का?" तो चहा मीच प्यायले, आणि मग अभ्रा शोधला.

याला काही नाव देऊ नकोस. शहरात याला नाव असेल आणि डॉक्टरही असेल. मला माणसं बसायला हवी होती, बास.

मला वाटलं होतं यात कुणाचं काही जात नाही. तुमचं कपाट फार तर थोडं आळशी होईल. दवाखान्याचं मला माहीत नव्हतं. तुझ्या आजोबांना न्यायला आलेली गाडी डिझेलची होती आणि टाकी भरलेली होती, तरी उशीर झाला. अर्धी भरलेली गाडी त्या डोंगरावरून कुठवर जाईल, ते तुमच्या नकाशावर बघ.

तू माझ्यासाठी दोन तास बोललीस. मी तुझ्याशी चार महिने खोटं बोलले. आता तू मला जे लिहिशील ते लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

आजी


(सोबतचा दुसरा कागद)

साहेब,

मी रस्त्यावरच्या मशीनवाली. तुमच्या ऑफिसात माझी नात आहे.

मोठी नळी मी बंद ठेवली होती. वीज चांगली आहे. नातीला यातलं काही माहीत नव्हतं, तिनं माझ्या शब्दावर कागद लिहिला. आजीच्या शब्दावर सरकारी कागद लिहू नये, हे तिला जरूर सांगा, पण तिला कामावरून काढू नका. तिच्यासारखी चारदा तपासणारी माणसं तुमच्याकडे जास्त नसतील. असती तर मी पहिल्याच महिन्यात सापडले असते.

ट्रान्सफॉर्मर दवाखान्याला द्या. मशीनचं नियमात असेल ते करा. मी शिव्या देणार नाही, निदान कागदावर देणार नाही.

अभ्रा सोडला आहे.

खाली माझी सही आहे. अंगठा समजू नये, हात कापतो.


३० मे

आजी,

एक महिना लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की फक्त शिव्या सुचत होत्या आणि त्याही सगळ्या तुझ्याच शिकवलेल्या.

साहेबांचा कागद मी तीन दिवस खणात ठेवला. फाडता आला असता. तू पुन्हा लिहिलं नसतंस हेही मला माहीत होतं. २० मेला खांब आले असते, अभ्रा तू सोडलाच आहेस, मोठी नळी चालू झाली असती, आणि सगळे म्हणाले असते, बघा, हिचं बरोबर होतं. तीन दिवस मी हे चित्र बघितलं. चौथ्या दिवशी कागद नेऊन दिला.

साहेबांनी दोनदा वाचला. हसले नाहीत. "अंगठा समजू नये" या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "माझी आई गावाकडे असते." मग फाईल मागवली.

ट्रान्सफॉर्मर दवाखान्याला गेला. परवा काम सुरू झालं.

तुझं मशीन १६ जूनला काढणार. जानेवारी ते मार्च मोठी नळी शून्य तास, आणि बिघाड नव्हता हे आता सिद्ध झालंय. त्यातून तुला वाचवायला माझ्याकडे शब्द नव्हता, असता तरी वापरला नसता.

मला कामावरून काढलं नाही. नकाशाच्या कामावरून काढलं. आता मी आवक-जावकला बसते. आलेल्या पत्रांवर शिक्का मारायचा आणि नंबर टाकायचा. तिथे पडदा नाही.

हे तुला माहीत नाही म्हणून सांगते. रोज सकाळी ऑफिसात आले की मी आधी तुझा ठिपका बघायचे. हिरवा असला की वाटायचं, आजी उठली. मशीनला तुझ्या उठण्याशी काही देणंघेणं नाही हे मला कळत होतं. तरी दिवसातून पाच-सहा वेळा बघायचे. औषधवाल्याची गाडी जोडलेली दिसली की वाटायचं, आता आजी बोलत असेल. कधी कधी जेवताना तो नकाशा समोर ठेवायचे.

तू मला "ये" असं एकदा तरी लिहायचंस. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला होता. चार दिवस त्याच रागात होते. मग तुझी जुनी पत्रं काढली. तू महिने लिहीत होतीस. जानेवारी होता, फेब्रुवारी आहे, मार्च लागला. आणि समजा तू "ये" असं लिहिलं असतंस, तर मी काय उत्तर दिलं असतं तेही मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात नक्की.

जोडीदारीण गेली त्याला आता चार महिने झाले. मी एकटी राहते. सरळ लिहिलं.

ठमी


१९ जून

ठमे,

आधी मशीनचं. नेलं.

अभ्रा सोडल्यापासून मोठी नळी घोड्यासारखी पळत होती. गाड्या परत यायला लागल्या होत्या. आल्या आणि गेल्या. मी बाकावर बसून त्यांच्या नंबरपाट्या वाचायचे, तेवढा वेळ मिळायचा. औषधवालाही एकदा आला. सासू बरी झाली, आपल्या घरी गेली, आणि आता ह्याला करमत नाही म्हणे. बावीस मिनिटांत एवढं सांगून झालं. मी म्हटलं, "बस अजून थोडा." म्हणाला, "आजी, गाडी भरली ना." बरोबर आहे. गाडी भरल्यावर कोण बसतं?

सोळा तारखेला मशीन काढायला चार माणसं आली. मुकादम, दोन कामगार आणि ट्रकचा ड्रायव्हर. मुकादम म्हणाला, "आजी, दोन तासांचं काम आहे, दुपारच्या आत मोकळे." म्हटलं, "करा बाबांनो, मी आडवी येत नाही."

मशीन खाली चार मोठ्या बोल्टांवर बसवलेलं होतं आणि बोल्ट काँक्रीटमध्ये. बसवलं तेव्हा कुणीतरी मनापासून घट्ट केले असणार. एकही हलेना. दोघं लोंबकळले तरी हलेना. मोठा पाना होता तो वाकला. मुकादमानं माझ्याकडे बघितलं. त्याला ऑफिसातून माझी कीर्ती कळलेली दिसत होती. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस, यातलं मी काहीही केलेलं नाही." आणि खरंच केलेलं नव्हतं. उलट दुकानातून तुझ्या आजोबांची तेलाची बाटली आणून दिली. बाटली शोधायला मला जरा वेळ लागला ते वेगळं.

तेल मुरायला वेळ लागतो. तोवर चहा झाला. मग जेवायची वेळ झाली, डबे त्यांनी आणले नव्हते कारण काम दोन तासांचं होतं. मी भात टाकला, काल निवडलेली भाजी होती ती केली. पाच ताटं वाढली. पाच ताटं मला सापडली हेच नवल, एक झाकण म्हणून वापरत होते. जेवून एक कामगार बाकावर आडवा झाला तो तोंड उघडं टाकून झोपला. ड्रायव्हरच्या मुलीला गणितात कमी पडतात. मी म्हटलं, "माझ्या नातीलाही पडायचे, आणि बघ, तिनं सरकारी ऑफिसात मीटिंग गप्प केली." हे मी त्याला सांगितलं, तुला सांगायचं राहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत दोन बोल्ट निघाले. बाकीचे दोन उद्या म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी कापायचं यंत्र घेऊन आले, आणि मुकादमानं माझ्यासाठी साखर आणली. परत चहा, परत जेवण. तो म्हणाला, "आजी, चौदा जागी मशीनं काढली, असं जेवण कुठे मिळालं नाही." मी म्हटलं, "चौदा जागी बोल्ट निघाले असतील."

दोन दिवस माणसं होती, ठमे. सतरा तारखेला साडेचारला ट्रक गेला. मशीन ट्रकवर आडवं ठेवलं होतं, वरून दोरी. मी हात केला नाही, मशीनला कोण हात करतं? ड्रायव्हरनं केला, तेव्हा मी केला.

मग पाच ताटं घासली. एवढा वेळ लागला नाही जेवढा लागायला हवा होता.

दोन बोल्ट कापले त्यांचे बुंधे जमिनीतून बोटभर वर राहिलेत, आणि कापलेली धार आहे. मुकादम म्हणाला, घासून सपाट करून देतो, अर्धा दिवस लागेल, पुढच्या आठवड्यात येऊ का? मी ये म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं, आणि जीभ झडली नाही.

तेव्हा तुलाही लिहिते. ये.

पुढच्या महिन्यात असं उत्तर लिहू नकोस. तारीख लिही. आवक-जावकला बसतेस ना, मग या पत्रावर शिक्का मार, नंबर टाक आणि तारीख घाल. आणि उतरशील तेव्हा खाली बघून पाय टाक, त्या धारेवर चप्पल फाटते. माझी फाटली.

आजी